कॉल बंद कोणी केला?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये भोपाळला झेंडा दाखवून १,२०० नव्या गाड्या रस्त्यावर सोडल्या गेल्या आणि मध्य प्रदेशात डायल १०० ची जागा डायल ११२ ने घेतली. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, महिला हेल्पलाइन, सायबर फसवणूक, सगळं एका नंबरावर. कल्पना चांगली आहे. १ नोव्हेंबर २०१५ ला डायल १०० सुरू झालं तेव्हा तेही चांगलंच वाटलं होतं. वर्तमानपत्रांनी गाड्यांचे फोटो छापले, गाडीतले कॅमेरे, जीपीएस, शिपायांच्या छातीवरचे कॅमेरे यांची वर्णनं दिली. मी मात्र त्या बातम्यांत वेगळीच ओळ शोधत होते. आधीच्या दहा वर्षांत इंदूरच्या राजेंद्रनगर ठाण्याच्या हद्दीतून रात्री अकरानंतर फोन केला, तर गाडी किती मिनिटांत दारात येत होती?

हा आकडा सरकारकडे असणारच. अशा व्यवस्थेत प्रत्येक फोनची वेळ सेकंदासकट नोंदली जाते. पत्रकार परिषदेत किंवा विधानसभेच्या उत्तरात अधूनमधून राज्याची एखादी सरासरी ऐकूही येते. पण ठाणेवार, महिनेवार, कोणीही उघडून पाहावा असा तक्ता माझ्या पाहण्यात नाही. माझी तक्रार गाड्यांबद्दल नाही, ती इथे आहे. पोलिसांसाठी घेतलेल्या सॉफ्टवेअरचं तोंड कायम वरिष्ठांकडे असतं. ठाण्याने डीसीपीला काय दाखवायचं, डीसीपीने आयुक्तांना, आयुक्तांनी भोपाळला, याची त्यात उत्तम सोय असते. ज्याने घाबरून फोन लावला, त्याला त्यातलं काही दिसत नाही.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर तपासते. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे: बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, दुरुस्त केला असं प्रोग्रामर म्हणू शकतो, पण तो 'क्लोज' करायचा अधिकार ज्याने बग नोंदवला त्याचा. हा नियम मोडला की काय होतं ते कुठल्याही टेस्टरला विचारा. महिनाअखेरीला सगळे बग बंद असतात आणि ग्राहक मात्र ओरडत असतो.

आता फोनचा प्रवास बघा. इंदुरातून लावलेला ११२ भोपाळच्या राज्यस्तरीय कंट्रोल रूममध्ये वाजतो. उचलणारी व्यक्ती तक्रार टाइप करते, तिचा एक 'इव्हेंट' तयार होतो, तो पाठवणी करणाऱ्याच्या स्क्रीनवर जातो, तिथून जवळच्या गाडीतल्या यंत्रावर. गाडीतला शिपाई निघालो, पोहोचलो, काम झालं असं क्रमाने कळवतो. या शेवटच्या शब्दावर सगळं अडलेलं आहे. काम झालं हे तोच सांगतो ज्याने ते करायचं होतं. वरच्या रकान्यात हिरवी खूण उमटते. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला समज देऊन गाडी परत फिरली, आणि अर्ध्या तासाने तो पुन्हा पट्टा काढून उभा राहिला, तर सॉफ्टवेअरच्या लेखी तो नवा इव्हेंट. आधीचा निकाली निघालेलाच राहतो.

पत्त्याचं तर विचारूच नका. इंदूर विकास प्राधिकरणाने वसाहतींना नावांऐवजी नंबर दिले, ते आजही चालतात: स्कीम ५४, स्कीम ७४, स्कीम ७८, स्कीम ९४, स्कीम ११४ आणि तिचे पुन्हा पार्ट एक, पार्ट दोन. विजयनगरच्या अंगाला चौहत्तर आणि अठहत्तर दोन्ही आहेत. मागे टीव्ही चालू आहे, बोलणारी बाई धापा टाकते आहे, आणि भोपाळला बसलेल्या मुलीने ते 'हत्तर'च्या आधीचं अक्षर पकडायचं आहे. शहरात नंदानगर वेगळं, नंदलालपुरा वेगळा. मल्हारगंज वेगळं, मल्हार आश्रम वेगळा. सुदामानगरात सेक्टर सांगितला नाही तर रिक्षावालाही पुढे जात नाही. रामबागेतली आजी पत्ता सांगते तो "नारायण बागेकडून आलात की डावीकडचा जुना वाडा" असा. इंदूरच्या ठाण्यात बसलेल्या हवालदाराला हे कळतं. भोपाळच्या स्क्रीनला कळायला नकाशात तो वाडा आधी कोणीतरी भरलेला असावा लागतो.

हा प्रयोग इंग्लंडने करून पाहिला आहे, आणि महागात. २००४ मध्ये तिथे अग्निशमन दलाच्या ४६ स्थानिक कंट्रोल रूम मोडून नऊ प्रादेशिक केंद्रं करायचं ठरलं. एक सॉफ्टवेअर, चकचकीत इमारती, खर्चात बचत. डिसेंबर २०१० मध्ये प्रकल्प गुंडाळला तेव्हा किमान ४६ कोटी ९० लाख पौंड पाण्यात गेले होते, असा तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांचा हिशेब. स्थानिक दलांना ही व्यवस्था नकोच होती. त्यांना न विचारता ती वरून लादली गेली. आपण राज्यभराचं एक केंद्र करून मोकळे झालो आहोत. ते मोडा असं मी म्हणणार नाही, एका छताखाली फोन घेण्याचे फायदे आहेतच. पण मग फोनचं लोकेशन आपोआप पोहोचणं हा त्या केंद्राचा प्राणवायू ठरतो. २०१६ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये पॅनिक बटण आणि १ जानेवारी २०१८ पासून जीपीएस असायला हवं. फोनपर्यंतचं काम झालं. त्या फोनचा ठावठिकाणा कंट्रोल रूमपर्यंत किती कॉलमध्ये अचूक पोहोचतो, हा दुसरा आकडा, आणि तोही जाहीर व्हायला हवा.

गाड्या पाठवणारं सॉफ्टवेअर कसं कोसळतं याचं उदाहरण माझ्या पेशात जवळजवळ धड्यासारखं शिकवतात. २६ ऑक्टोबर १९९२ ला लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने कागदी पद्धत बंद करून नवी संगणकीय पाठवणी सुरू केली. प्रत्येक गाडी कुठे आहे आणि मोकळी आहे की नाही, हे संगणकाला अचूक माहीत असणार, या गृहीतकावर ती उभी होती. प्रत्यक्षात काही भागांत रेडिओ पोहोचत नव्हता, आणि गडबडीत कर्मचारी बटणं दाबायचे राहत किंवा चुकीच्या क्रमाने दाबत. संगणकाच्या मनातलं लंडन आणि रस्त्यावरचं लंडन यांत अंतर पडत गेलं. एका जागी दोन गाड्या, दुसरीकडे एकही नाही. गाडी आली नाही म्हणून लोक पुन्हा फोन करत, त्याने रांग आणखी वाढे, इशाऱ्यांचे संदेश स्क्रीनवरून वर सरकून दिसेनासे होत. दुसऱ्या दिवशी अर्धीमुर्धी जुनी पद्धत परत आणावी लागली. ४ नोव्हेंबरला उरलेलं सॉफ्टवेअरही बंद पडलं, कारण प्रोग्राममध्ये राहून गेलेला एक तुकडा प्रत्येक पाठवणीगणिक थोडी मेमरी अडवत होता आणि ती परत सोडत नव्हता. चौकशी समितीचा अहवाल पुढच्याच वर्षी छापून लोकांसमोर आला. आज जगभरचे विद्यार्थी तो वाचू शकतात, म्हणून तर मला हे इथे लिहिता येतंय. आपल्याकडे कंट्रोल रूमचा सर्व्हर तासभर पडला, तर त्याचा अहवाल कोण कोणाला देतं?

त्याच इंग्लंडमध्ये आज रुग्णवाहिकांचे आकडे दर महिन्याला, विभागवार, सगळ्यांसाठी खुले असतात. जिवावर बेतलेल्या पहिल्या वर्गातल्या कॉलसाठी सरासरी सात मिनिटांचं लक्ष्य, आणि त्यासोबत दुसरं: दहातल्या नऊ कॉलना पंधरा मिनिटांच्या आत. दुसरं कशासाठी? नऊ फोनना सहा मिनिटांत गाडी आली आणि दहाव्याला छप्पन मिनिटांनी, तर सरासरी अकरा मिनिटं येते. ऐकायला झकास. दहावा फोन करणाऱ्याच्या घरचे ती सरासरी घेऊन काय करणार? पोलिसांचंही तसंच. मे २०२२ पासून ब्रिटनच्या गृहखात्याने कोणतं पोलीस दल ९९९ चा, म्हणजे तिथल्या आपत्कालीन नंबरचा, फोन किती सेकंदांत उचलतं याची यादी दलांच्या नावानिशी जाहीर करायला सुरुवात केली. दहा सेकंदांत नव्वद टक्के फोन उचलले जावेत ही अपेक्षा. ती कितीतरी दलांना जमली नाही, आणि ते सगळ्यांना दिसलं.

आकडे लावले की आकड्यांची चलाखी सुरू होते, हेही खरं. इंग्लंडमध्येच २०१७ पर्यंत गंभीर कॉलसाठी आठ मिनिटांचं लक्ष्य होतं. मोटारसायकलवरचा एकटा माणूस पोहोचला तरी घड्याळ थांबायचं, रुग्णाला हलवणारी रुग्णवाहिका मग कधी का येईना. म्हणून तर त्यांना नियम बदलावे लागले. आपल्याकडे ही चलाखी काय असेल ते सांगायला ज्योतिषी नको: गल्लीच्या तोंडाशीच 'पोहोचलो'. पण गाडीत जीपीएस आहे ना? बटणाची वेळ आणि गाडीची जागा जुळवून पाहणं हे माझ्या टीममधलं नवं पोरगंही दुपारभरात करून दाखवेल. आणि चलाखी पकडायलाही आकडे उघडेच असावे लागतात.

इंदूरकरांना आकड्यांचं वावडं आहे असं तर कोणी म्हणूच नये. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात आपण २५ वे होतो, २०१७ मध्ये पहिले आलो, आणि तेव्हापासून नंबर एक ही या शहराची दुसरी ओळख झाली. कचरागाडीचं गाणं सुरू झालं की निम्मी कॉलनी ओला-सुका डबा घेऊन फाटकाशी. हे घडलं त्याची कारणं अनेक, पण एक नक्की: गुण मोजले गेले, ते छापले गेले, आणि दुसऱ्या शहराशी आपली तुलना झाली. महापालिकेच्या इंदूर ३११ ॲपवर तुंबलेल्या गटाराची तक्रार केली तरी तिला क्रमांक पडतो आणि तिचं पुढे काय झालं ते पाहता येतं. गटाराला जो मान आहे तो मारहाणीच्या फोनला का नसावा, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही.

ठाण्यातल्या सॉफ्टवेअरचं तोंडही वरच वळलेलं आहे. सीसीटीएनएस, म्हणजे देशभरातली पोलीस ठाणी जोडणारं जाळं, २००९ मध्ये मंजूर झालं, मुंबईवरच्या हल्ल्यानंतरच्या वर्षी, २,००० कोटींच्या तरतुदीसह. गुन्हेगार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला तरी त्याची माहिती सापडावी, हा हेतू निर्विवाद. पण आत्याचा मोबाइल बाजारात मारला गेला तेव्हा तिच्याबरोबर मी ठाण्यात गेले, आणि त्या जाळ्याचं खालचं टोक पाहिलं. मुंशीजींनी, म्हणजे ठाण्यातल्या लेखनिक हवालदाराने, आधी आत्याकडून कोऱ्या कागदावर अर्ज लिहून घेतला. मग त्यातलं सगळं रोजनामच्यात उतरवलं. मग संगणक उघडला आणि तोच मजकूर दोन बोटांनी तिसऱ्यांदा. फॉर्म 'पिता/पति का नाम' या रकान्यावर थांबला. आत्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, लग्न केलेलं नाही, वय सत्तरीपुढचं. "माझे वडील जाऊन चाळीस वर्षं झाली, त्यांचा या मोबाइलशी काय संबंध?" असं तिने शुद्ध हिंदीत विचारलं. मुंशीजी कसनुसे हसले. "मैडम, इसके बिना आगे नहीं बढ़ता." आजोबांचं नाव घातलं, तेवढ्यात सर्व्हर बसला. उद्या या, म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही. एकाच माणसाकडून तीन वेळा तेच लिहून घेणारी व्यवस्था ज्याने मंजूर केली, तो त्या खुर्चीत कधी बसलेला नसणार.

स्वीडनच्या पोलिसांनी असल्याच अनुभवानंतर 'पुस्ट' नावाची प्रणाली २०१४ मध्ये मोडीत काढली. तिची आधीची आवृत्ती गस्तीवरच्या पोलिसांशी बोलत बोलत तयार केलेली होती आणि बरी चालत होती. ती बाजूला सारून वरच्यांनी बाजारातलं तयार पॅकेज आणलं, आणि साधा अहवाल लिहायला पोलिसांना पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागू लागला.

आपल्या व्यवस्थेला मिनिटं मोजता येत नाहीत, हे मात्र मी ऐकून घेणार नाही. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले, तेव्हा नव्या संहितेखालचा देशातला पहिला गुन्हा ग्वाल्हेरला मोटारसायकल चोरीचा, रात्री १२ वाजून १० मिनिटांनी नोंदवला गेला, असं खुद्द केंद्रीय गृहमंत्र्यांनी सांगितलं. अभिमानाची गोष्ट असली की मिनिट बरोबर सापडतं.

माहिती असते पण भलत्याच कपाटात असते, याची सगळ्यात जड किंमत या शहराने ३० मार्च २०२३ ला मोजली. रामनवमी होती. स्नेहनगरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू असताना बावडीवरचा, म्हणजे जुन्या पायऱ्यांच्या विहिरीवरचा, स्लॅब खचला आणि ३६ माणसं गेली. मंदिराच्या बांधकामाबद्दल महापालिकेची नोटीस आधीच गेलेली होती, हे नंतर छापून आलं. म्हणजे खाली बावडी आहे हे शहराला ठाऊक होतं. बचावाला धावलेल्यांना ते फोनबरोबरच स्क्रीनवर दिसलं असतं तर? पाणी उपसायचे पंप, दोर, ऑक्सिजन, महूच्या लष्कराला सांगावा, हे सगळं कदाचित लवकर हललं असतं. नक्की किती फरक पडला असता हे छातीठोक कोणी सांगू नये. पण होळकरांच्या काळापासूनच्या या शहरात झाकलेल्या बावड्यांचा थर नकाशात असणं, तो अग्निशमनाच्या आणि ११२ च्या स्क्रीनवर उघडणं, याला कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. एका खात्याने दुसऱ्या खात्याला यादी द्यावी लागते. हे काम निविदेत चमकत नाही, त्याचं उद्घाटनही करता येत नाही.

चमकतात ते चेहरे ओळखणारे कॅमेरे. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकाराखाली दिलेल्या उत्तरात ८० टक्के साम्य आढळलं की जुळणी झाली असं मानतो, असं सांगितलं. ८० टक्केच का, हा प्रश्न उरतोच. शिकागोच्या पोलिसांनी कोण गोळी झाडेल किंवा कोणाला गोळी लागेल याचं भाकीत करणारी यादी वर्षानुवर्षं चालवली आणि २०१९ मध्ये बंद केली. आपल्याकडे तर अशा यादीला कच्चा माल तयार आहे. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण पारधी, कंजर यांच्या वस्तीकडे पाहण्याची नजर गेली का? मध्य प्रदेशात 'निगरानी बदमाश', म्हणजे पोलिसांनी कायम नजरेखाली ठेवलेला माणूस, हा शब्द ठाण्यात आजही रोजचा आहे. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मागास समाजांतल्या निरपराध माणसांची नावं यांत्रिकपणे हिस्ट्रीशीटमध्ये, म्हणजे सराईत गुन्हेगारांच्या पोलिसी नोंदीत, चढवली जातात, याची स्वतःहून दखल घेतली. हीच शीट उद्या यंत्राला शिकवायला दिली, तर यंत्र जुनंच बोट नव्या तोऱ्याने दाखवेल. वर २०२२ च्या ओळखविषयक कायद्याने बोटांचे ठसे आणि इतर मापं ७५ वर्षं ठेवायची सोय करून दिलेली आहेच.

आणि कॅमेऱ्यांची इतकीच आवड असेल तर परमवीरसिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक ठाण्याच्या आत, कोठडीपासून व्हरांड्यापर्यंत, आवाजासह कॅमेरे लावायला सांगितलं होतं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून, त्याच न्यायालयाला बंद पडलेल्या कॅमेऱ्यांची पुन्हा दखल घ्यावी लागली. इंदुरातल्या पलासियाच्या चौकात सिग्नल तोडलेल्या दुचाकीचा नंबर दिवसाउजेडी वाचणारी व्यवस्था ठाण्याच्या दाराशी आली की तिची तांत्रिक अडचण सुरू होते.

आकडे उघडे केले तर गुन्हेगारांना कळेल कुठे गाडी उशिरा येते, असा आक्षेप एका ओळखीच्या निवृत्त अधिकाऱ्यांनी घेतला. गुन्हेगाराला ते आधीच माहीत असतं हो, त्याचा तो धंदाच आहे. अंधारात आहे ती फक्त तिथली भाडेकरू मुलगी. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा, आणि तो माझ्याच मैत्रिणीचा, जी महिलांच्या प्रकरणांत वकिली करते. कॉल बंद करायचा अधिकार फोन करणारीला दिला, तर 'मदत मिळाली का?' हा मेसेज नवऱ्याच्या हातातल्या मोबाइलवर वाजेल. बरोबर. म्हणून मेसेज नको, दुसऱ्या दिवशी, तिने सांगितलेल्या वेळी, बाईचा फोन हवा. आणि ज्यांच्याकडून उत्तर आलं नाही ते कॉल 'निकाली' मध्ये न मिसळता वेगळ्या रकान्यात राहायला हवेत. यासाठी माणसं लागतील. लागू देत. फोन घेण्याचं आणि गाड्या चालवण्याचं काम खासगी कंत्राटदारांकडे जातं तेव्हा उशिरासाठी दंडाच्या अटी करारात घालता येतात. पडताळणीचा फोन ही त्याच करारातली आणखी एक अट.

इंदुरात ९ डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे. भोपाळची वाट न बघता आयुक्तांना एवढं करता येईल: दर महिन्याच्या पाच तारखेला, प्रत्येक ठाण्यासमोर, फोन किती आले, निम्म्यांना किती मिनिटांत गाडी मिळाली, दहातल्या नऊंना किती मिनिटांत, किती तास यंत्रणा बंद होती, आणि इव्हेंट कोणत्या कारणाने बंद झाले. माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम २००५ पासून सांगतंय की कोणी मागण्याची वाट न पाहता अशी माहिती द्यावी. पहिल्या महिन्याचे आकडे वाईट असणार, एखाददुसरा ठाणेदार चिडणार, हेडलाइन होणार. होऊ दे. मी त्या तक्त्यात आधी शेवटचा रकाना उघडेन, कारणांचा, आणि त्यात 'फोन करणारा सापडला नाही' असं लिहून बंद केलेले कॉल विजयनगर ठाण्यात किती आहेत ते पाहीन. त्यातले निम्मे चौहत्तरचे असून अठहत्तरला शोधले गेले असतील, अशी माझी शंका आहे.